पोरीला आवडलेला बाप

माझ्या मुलीच्या मोबाइलच्या पडद्यावर दुसऱ्याच एका बापाचा फोटो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी नाशिकहून उठून शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावात कशाला गेलो होतो, हे कुणाला विचारावं लागणार नाही. तिकडे लोक सिद्धगड चढायला जातात, जंगल बघायला जातात. मी एका माणसाला उघडं पाडायला गेलो होतो.

त्या माणसाचं नाव बाळाराम. सिद्धगडाच्या बाजूला त्याचं गाव. वयाने माझ्याच आगेमागे. घरची भातशेती करतो, मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि रोज सकाळी आपल्या मुलीबरोबर एक रील टाकतो. मुलीला तो 'बाय' म्हणतो. सुरुवात ठरलेली असते: अंगणात बाळाराम उभा, खांद्यावर टॉवेल, आणि घराकडे तोंड करून हाक, "काय गो बाय, उठलीस का?" मग बाय डोळे चोळत बाहेर येते आणि दोघं काहीतरी उद्योग करतात. तो तिची वेणी घालतो आणि गजरा नाही म्हणून कोथिंबिरीची जुडी खोचतो. कधी लुंगी वर खोचून कोरियन पोरांचा नाच करतो, आणि बाय हसत हसत मातीतच बसते. बस, एवढंच. हे बघायला लोक तुटून पडतात, आणि त्यांत सगळ्यात पुढे माझी ईरा.

ईरा नववीत आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवतो, त्यांच्याशी चार गमतीच्या गोष्टी बोलतो, आणि गिऱ्हाईक हसत बाहेर पडतं. म्हणजे मी काही अगदीच रुक्ष माणूस नाही. पण घरी मी विनोद केला की ईरा "बाबा, प्लीज" म्हणते. तोच विनोद बाळारामने केला की ती पोट धरून लोळते. एकदा सकाळी मीही टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "काय गो बाय, उठलीस का?" तिने कानातलं काढलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघराकडे ओरडली, "आई, बाबांना बरं नाहीये का?"

मी जळत होतो. याला दुसरा शब्द नाही. एखाद्या नटावर जळलो असतो तर बायकोने समजून घेतलं असतं. पण गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या, पुढचा एक दात अर्धा असलेल्या माणसावर मी जळतोय म्हटल्यावर तिनेही हात टेकले. "तो तिला फक्त हसवतो," ती म्हणाली, "दाताचे डॉक्टर, शाळेची फी आणि परीक्षा तर तूच बघतोस ना." जणू यामुळे मला बरं वाटणार होतं!

वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर ईराने कपडे मागितले नाहीत, फोन मागितला नाही. "मला बाळारामकाकांना भेटायचंय," ती म्हणाली. काका! माझ्या सख्ख्या भावाला ती नुसत्या नावाने बोलावते. तरी मी लगेच हो म्हणालो, इतक्या लगेच की तिलाच संशय आला. माझा हिशेब साधा होता. कुठलाही बाप पोरीशी दिवसभर एवढा गोड वागू शकत नाही. कॅमेरा बंद झाला की हाही खेकसत असणार, आणि तो खेकसताना ईराने आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती. तिने त्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं: या, पण रविवारीच या.

शहापूर

कसारा घाट उतरून शनिवारी दुपारी शहापूरला पोचलो. डिसेंबर होता, तरी आमच्याकडच्यासारखी कोरडी, बोचरी थंडी नव्हती. हवेत पेंढ्याचा वास होता आणि उन्हाला चांगलाच चटका होता. महामार्गाजवळच्या एका लॉजवर खोली घेतली आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला बाजारात गेलो.

एका गाडीवर वडे खाल्ले. आमच्या नाशिकच्या तर्रीची सवय झालेल्या जिभेला ती सुकी लाल चटणी जरा सौम्यच लागली, पण वडा गरम होता आणि वडे तळणाऱ्या बाई बोलक्या होत्या. कुठून आलात, कुणाकडे चाललात, अशी चौकशी झाली. ईराने बाळारामचं नाव घेतलं मात्र, बाईंचा चेहरा फुलला.

"बाळाराम? तो आमच्या जावंच्या गावचा. लय गुनी मानूस. माझ्या पोरी तर रोज माझ्या मालकाला बोलतात, जरा बाळारामसारखं वाग."

"आणि मालक काय म्हणतात?" मी विचारलं.

बाईंनी झाऱ्याने मागे दाखवलं. मागे एक गृहस्थ मान खाली घालून बटाटे सोलत होते. त्यांनी क्षणभर वर बघितलं, आमची नजरानजर झाली, आणि या तालुक्यात आपण एकटे नाही हे मला कळलं.

रात्री बाळारामचा फोन आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज थेट माझ्या कानात. "साहेब, येक काम व्हतं. आमची मंडळी शहापूरला आलीय, बायला न्यायला. उद्या सकाळी एसटीचा टाइम जुळत नाय. तुमच्या गाडीत दोघींना आनाल का?"

मी आनंदाने हो म्हणालो. बायला न्यायला? कुठून न्यायला? मला झोप लागेना.

सापगावावरून किन्हवलीकडे

सकाळी स्टँडसमोर दोघी उभ्या होत्या. बाळारामच्या बायकोला आपण भागीवहिनी म्हणू. हिरवं लुगडं, हातात भाजीची पिशवी, आणि नवऱ्याच्या कीर्तीशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने ती पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. मागे बाय आणि ईरा. बाय प्रत्यक्षात रीलमधल्यापेक्षा उंच आणि गप्प निघाली. बारावीतली मुलगी, मांडीवर दप्तर.  ईरा चार वेळा नुसतीच "हाय" म्हणाली.

सापगाव मागे पडलं. नदीवरच्या पुलावरून जाताना खाली बायका धुणं धूत होत्या. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे बाय सुट्टीला चाललीय घरी?"

"सुट्टी कसली ओ," भागीवहिनी म्हणाली. "महिन्यातला येक रविवार सोडतात. पाचवीपासून होस्टेललाच हाय ती. आमच्या गावात चौथीच्या फुडं शाळा नाय. आदी आश्रमशाळा, आता हितं शहापूरला."

"मग रोजचे रील?"

"ते काय, येका दिवसात करतात बापलेक. शर्ट बदलायचा, परत करायचं. शर्ट बदलायचा, परत करायचं. मंग म्हयनाभर येकेक सोडत बसतो तो. आज बगाल ना."

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर टाळी वाजवली असती. सापडला! खेकसण्याचीही गरज उरली नव्हती. रोज सकाळी "काय गो बाय, उठलीस का" म्हणणाऱ्या माणसाची बाय रोज सकाळी तीस-चाळीस किलोमीटरवर होस्टेलच्या नळापाशी रांगेत उभी असते. घरात राहणारा बाप मी आणि कौतुक त्याचं! मी आरशातून ईराकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला असेल, अशी माझी खात्री होती.

ती शांतपणे बाहेर बघत होती. किन्हवलीला भागीवहिनी आणि बाय पानसुपारी घ्यायला उतरल्या, तेव्हा मी मागे वळून म्हणालो, "ऐकलंस ना?"

"काय?"

"सगळं एका दिवसात करतात. शर्ट बदलून."

"मग? सगळेच तसं करतात, बाबा," ती म्हणाली. "रोज वेगळा शर्ट, पण अंगणातली सावली तिथेच. कळतं ते. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये."

"मग तुला राग नाही आला?"

"कसला राग?" तिने मलाच विचारलं, आणि त्या स्वरात तोच 'बाबा, प्लीज' होता. मी पुढे तोंड करून बसलो. एवढा मोठा पुरावा हाती लागला आणि कोर्टच नाही, अशी माझी गत झाली.

किन्हवलीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, मधूनमधून पेंढ्याचे ढीग. लांबून सिद्धगड दिसायला लागला तेव्हा बायने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "तो बघ आमचा गड," ती ईराला म्हणाली. पुढे एका वळणावर मी गाडी शेताच्या कडेला जरा जास्तच घेतली आणि डावं चाक चरात गेलं. आम्ही उतरलो. भागीवहिनीने पिशवी माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं आणि दोन्ही मुलींना हाताशी घेऊन गाडी ढकलून रस्त्यावर आणली. मी पिशवी धरून उभा होतो.

बाळारामचं अंगण

गावाचं नाव सांगत नाही. तुम्हीही पोरांना घेऊन जाल, आणि ते लोक कामाचे आहेत. घर साधं, कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं खळं. झोडणी संपत आली होती, तरी एका कोपऱ्यात भाताची रास होती. बाळाराम धावतच आला. त्याने आधी बायला बघितलं, मग बायच्या दप्तराला, मग आम्हाला. अर्धा दात तसाच होता. मी हात पुढे करून तरातरा खळ्यात शिरलो.

"पाव्हनं, पायतान!" भागीवहिनी मागून ओरडली.

खळ्यात धान्य असताना पायताण घालून जात नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक बूट घालून येतं आणि जातं. मी मागे सरकताना बूट काढायला एका पायावर उभा राहिलो आणि राशीत बसलो. ईरा हसली. बाळाराम हसला नाही. त्याने हात देऊन मला उठवलं आणि माझ्या पँटवरचं भात हाताने झाडलं. हे मला जास्त लागलं. तो हसला असता तर मला त्याच्याविरुद्ध काहीतरी मिळालं असतं.

मागच्या दोरीवर कपडे टांगलेले होते. बाळारामचे शर्ट आणि बायचे कुडते, जोडी जोडीने, जशी दिवाळीत सासू-सुनांच्या साड्यांची जोडी लावतात तशी. चहा होताच काम सुरू झालं. फोन ईराच्या हातात. हा मान तिला बाळारामने स्वतः दिला आणि ती त्या क्षणापासून माझी राहिली नाही. पहिला निळा शर्ट. वेणीचा कार्यक्रम. मग चौकडीचा शर्ट, नाच. मग गुलाल आला. डिसेंबरात होळी! बापलेकींनी एकमेकांना रंगवलं, आणि एक पांढरी कोंबडी मध्येच धावून गेली ती गुलाबी होऊन बाहेर पडली. आता होळीच्या रीलपर्यंत ती कोंबडी कुणी बघू नये म्हणून भागीवहिनी तिला टोपलीखाली झाकायला धावली.

मलाही एक काम मिळालं. शहरातला पाहुणा येतो आणि वायफाय कुठंय असं विचारतो, एवढंच. मी जीव ओतून केलं. तीनदा केलं.

"साहेब," बाळाराम अगदी हळू म्हणाला, "जरासा कमी करा. तुमी नुसतं विचारा, रडू नका."

ईरा फोन धरून इतकी हसली की चौथा टेकही हलला. मला त्याचा राग आला असता, पण ती हसत होती माझ्यामुळे. मी पाचवा टेक मुद्दाम बिघडवला.

मग बाळारामने घरातून एक खोका आणला. आत केक होता. मुरबाडहून मोटरसायकलवर आणलेला, त्यामुळे एका बाजूला कललेला, आणि त्यावरची फुलं घसरून कडेला जमा झालेली. बायचा वाढदिवस मार्चमध्ये असतो, बोर्डाच्या परीक्षेत. आता परीक्षा संपेपर्यंत होस्टेल तिला सोडणार नव्हतं, म्हणून आजच. बायने नवा कुडता घातला. मेणबत्ती वाऱ्याने सारखी विझत होती. बाळारामने दोन्ही हातांचा आडोसा केला. बायने फुंकली. त्याने तिला घास भरवला, मग दुसरा भरवला, मग तिच्या गालाला लागलेली क्रीम टॉवेलने पुसत तो तसाच उभा राहिला. ईराने फोन केव्हाच खाली घेतला होता. भागीवहिनी आत भाकऱ्या थापायला निघून गेली. मला तिथे उभं राहणं नकोसं झालं, म्हणून मीही उगाच गाडीचं चाक बघायला गेलो.

जेवायला तांदळाच्या भाकरी होत्या. आमच्याकडे बाजरीची भाकरी म्हणजे कामगार बाई. ही म्हणजे नवी नवरी, पांढरी आणि पातळ. वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा, आणि उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, जे थोडे कडू लागतात आणि मग सोडवत नाहीत. बाळाराम स्वतःच्या ताटातून कमी आणि बायच्या ताटातून जास्त खात होता. ती ओरडली नाही, तोही ओरडला नाही. मी शेवटपर्यंत वाट बघितली. तो पोरीला एक शब्दही वाकडा बोलला नाही.

"काका तुला कधीच ओरडत नाहीत?" ईराने बायला विचारलं.

"नाय ना," बाय म्हणाली. "कधी ओरडणार? आज मी जेवन सांडलं तरी हसतो. माझ्या मैत्रिणी सांगतात, बाप असा ओरडला, बाप तसा ओरडला. मला सांगायला काय नाय." आणि तिने ईराकडे बघितलं ते अशा नजरेने, की माझी मान आपोआप ताठ झाली. ईराकडे ओरडणारा बाप होता.

त्याचा नमुना लगेचच मिळाला. हात धुऊन ईरा काढलेले रील बघायला लागली आणि फोन तिने नाकाला चिकटवला.

"चष्मा कुठंय?" मी म्हणालो.

"बॅगेत."

"बॅगेला नंबर आहे का?"

"बाबा, इथे नको ना."

"चष्मेवाल्याची पोर आणि आंधळी कोशिंबीर खेळतेय. लोक मला हसतील."

"लोक नाही हसत. तुम्हालाच वाटतं. घातला की मी घुबड दिसते."

"घुबडाला निदान दिसतं तरी!"

"मग घुबडालाच मुलगी करून घ्या!"

ती पाय आपटत ओटीवर जाऊन बसली. मी वळलो, तर बाळाराम आणि बाय खांबाला टेकून शेजारी शेजारी उभे होते आणि आमच्याकडे टक लावून बघत होते. जत्रेतल्या तमाशाकडे बघावं तसे.

"परत येकदा बोला ना," बाळाराम म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

त्यानंतर तो मला घरामागे पेंढ्याच्या ढिगापाशी घेऊन गेला. तिथे तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "साहेब, येक विचारू? सकाळच्या टायमाला पोरी बापाशी काय बोलतात?"

"म्हणजे?"

"म्हंजे खरंच. ती दहा वर्साची गेली. त्याच्यानंतर म्हयन्याला येक सकाळ माझ्या वाटनीला, तीबी एसटी धरायच्या घाईची. मी जे रीलमधी करतो ते मनानं करतो. आसं आसंल, तसं आसंल. वेनी घालीत आसंल बाप, भांडत आसंल. आता काय सुचत नाय नवीन. लोकं बोलतात, काका रिपीट झाला. मला ठावच नाय तर मी कुठनं आनू? तुमची पोर रोज तुमच्या घरात उठते." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमी लय नशीबवान मानूस. खोटं नाय सांगत, मगाशी तुमी भांडलात ना, मला वाटलं, आपलीबी पोर येकदा आशी भांडावी माझ्याशी."

जो माणूस माझ्या घरात महिनोन् महिने माझी झोप उडवत होता, तो माझ्यावर जळत होता. मला प्रथम काय वाटलं ते स्पष्टच सांगतो: आनंद वाटला. चांगला, भरपूर आनंद. आणि त्या आनंदात मी माझं सगळं दुकान त्याच्यापुढे मांडलं. ईरा आंघोळीला किती वेळ लावते ते सांगितलं, दूध न पिता झाडाच्या कुंडीत कसं ओतते ते सांगितलं, आणि मग चष्म्याची गोष्ट सांगितली.

ती अशी. ईरा चष्मा लावत नाही, म्हणून मी रोज सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी एक नवी फ्रेम ठेवतो. काही बोलत नाही. कधी गोल, कधी चौकोनी, कधी लाल काड्यांची. ती येते, फ्रेम बघते आणि एका बोटाने माझ्याकडे परत ढकलते. तीही काही बोलत नाही. मी ती उचलून खिशात टाकतो आणि दुकानात जातो. किती महिने हे चाललंय, आता आठवतही नाही. एकदा मी मुद्दाम आजोबांची जाड काचांची फ्रेम ठेवली. तिने ती डोळ्यांवर चढवून अख्खा चहा प्यायला, आणि मग परत ढकलली.

बाळाराम पेंढ्यावर आडवा होऊन हसला. डोळे पुसत उठला आणि एकदम गंभीर झाला. "हे देता का मला? मी आन् बाय करू. चष्म्याच्या जागी दुसरं कायतरी घेऊ."

"घ्या की," मी म्हणालो. राजाने गाव इनाम द्यावं तसा. आणि मागे वळलो, तर ईरा उभी होती. निघायची वेळ झाली म्हणून ती मला बोलवायला आली होती.

परतताना

निरोप नीट झाला. बायला सकाळच्या एसटीने आई परत सोडणार होती, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो. भागीवहिनीने करांदे बांधून दिले. बाळारामने ईराच्या डोक्यावर हात ठेवला, तिने वाकून नमस्कार केला, फोटोही काढले. पण गाडीत बसल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बसली ती बसलीच. फोनही हातात घेतला नाही. मला वाटलं, बाळारामला सोडून यायचं दुःख. माझ्या छातीत पुन्हा ते जुनं जळणं सुरू झालं.

किन्हवलीला चहाला थांबलो. तिचा चहा तसाच निवत होता.

"एवढं वाईट वाटतंय तर पुन्हा जाऊ कधीतरी," मी मन मोठं करून म्हणालो.

"तुम्ही त्यांना चष्म्याचं का सांगितलं?"

"काय झालं त्यात? त्यांना नवीन काहीतरी हवं होतं."

"म्हणून आपलं दिलं?" तिचा आवाज चढला. शेजारच्या बाकड्यावरचे दोघंजण बघायला लागले. "उद्या ते करणार. सगळे बघणार. सगळे म्हणणार, किती गोड बाप. आणि ते त्यांचं नाहीचे! ते आपलं आहे. मी तो रोज परत का ढकलते, माहितीये? एकदा ठेवून घेतला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नवीन ठेवणार नाही म्हणून. आता तेच बाय करणार. शर्ट बदलून." आणि ती रडायला लागली, नाक ओढत, लहान मुलीसारखी. "त्यांनी ते टाकलं ना, तर मी त्यांना अनफॉलो करेन. आत्ताच्या आत्ता फोन करा."

 समोर बसलेली मुलगी जळत होती, चांगली धडाडून जळत होती, आणि ती माझ्यासाठी जळत होती. मी चहाचे पैसे द्यायचे विसरलो, तर चहावाल्याने आठवण करून दिली. पैसे दिले आणि बाळारामला फोन लावला. ईराने स्पीकर लावायला लावला.

"बाळाराम, ते चष्म्याचं मी सांगितलं ना, ते नका करू. ईरा नको म्हणतेय."

 पलीकडे मागे बायचा आवाज येत होता, आईशी काहीतरी बोलत होती. मग तो म्हणाला, "पोर नको बोलली? मंग नाय करनार. शब्द." आणि मग अगदी खालच्या आवाजात, मगाशी पेंढ्यापाशी विचारलं होतं तशाच आवाजात, "साहेब, रागावली का ती? कशी रागावली? काय बोलली, तेवढं सांगा ना."

ईरा डोळे पुसायचं थांबवून माझ्याकडे बघत होती. तिचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. मी रस्त्याकडे पाठ केली, फोन तोंडाजवळ घेतला आणि त्याला म्हणालो, "ते नाही सांगणार, बाळाराम."